जलपर्णीच्या पक्ष्यांमागील हातांचे आभार

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यामागे गाळ साचून घडलेली नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ जागा २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. तेथील जलपर्णीच्या वाळलेल्या देठांपासून आम्ही केलेल्या पक्षिशिल्पांचे कौतुक होत असताना, ज्यांची नावे फलकावर नाहीत (ती घालू नका, असे त्यांनीच बजावले होते), त्यांचे आभार मानणे आम्हाला अगत्याचे वाटते.

जलपर्णीचे बी गाळात कित्येक वर्षे रुजण्याजोगे राहते, म्हणून ती फुलोऱ्याआधीच काढण्याचा आग्रह धरून ओले, जड भारे होडीतून काठावर आणणारे मासेमार बांधव आणि ते देठ उन्हात उलटसुलट करून बुरशी लागलेले निवडून टाकणाऱ्या भगिनी यांचीच ही खरी कारागिरी आहे. कमळपक्षी तरंगत्या पानांवर वावरतो व तिथेच अंडी घालतो, तेव्हा सगळे पाणी मोकळे करू नका, असे सांगून आमचा उत्साह वेळीच आवरणाऱ्या स्थानिक पक्षीमार्गदर्शकांचे ऋण विशेष आहे. विनामोबदला ट्रॅक्टर देणाऱ्या शेतकरी बंधूंचेही मनःपूर्वक आभार. पावसाळ्यापूर्वी शिल्पे उतरवून त्यांचे खत केले जाईल आणि त्यावर पहिला हक्क याच मंडळींचा राहील.