आई-बाबा, इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाविषयी

बँकॉक,
मंगळवार, 12 ऑगस्ट 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी पाण्याचं. पाऊस वाढला की आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी रोज बघा आणि 40 फुटांच्या इशाऱ्याची वाट बघत बसू नका. पस्तीसच्या पुढे गेलं की कुलूप लावून सरळ विश्रामबागला मावशीकडे जा. 2019 ला तुम्ही "अजून एक पायरी बाकी आहे" म्हणत थांबलात, त्या रात्री मी इथे काय अवस्थेत होतो ते मी कधी बोललो नाही. घराची कागदपत्रं आणि औषधांचा डबा वरच्या कपाटात ठेवा. वर चढवायला शेजारच्या पोराला बोलवा, स्वतः स्टुलावर चढू नका.

आता पत्राचं कारण. फोनवर मी विषयाच्या जवळ आलो की आई, तू "बरं, जेवायला काय केलंयस?" असं विचारतेस आणि बाबा "रेंज जातेय" म्हणतात. तुमचा राग नाही. त्या वेळी मलाही सुटल्यासारखंच वाटतं. म्हणून लिहितो आहे. कागद मध्येच थांबवता येत नाही, आणि बाजूला ठेवून दोन दिवसांनी परत हातात घेता येतो.

पुण्याची बदली मी नाकारली आहे. ऑन नुट भागात आम्ही दोघांनी मिळून फ्लॅट घेतला आहे. पैसे भरून झाले, सह्या झाल्या. तुम्हाला आधी विचारलं नाही, ही माझी चूक. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मग मला तुमच्या शब्दाबाहेर जावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं. बाबा, कागद चोख आहेत. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, पण इमारतीतला फ्लॅट स्वतःच्या नावावर घेता येतो, इमारतीच्या 49 टक्के जागेपर्यंत. दोघांची नावं आहेत, निम्मा हिस्सा माझा. तुम्हाला दर महिन्याला येतात त्या पैशांत काही फरक पडणार नाही, आणि दवाखान्यासाठीची ठेव मी हात न लावता तशीच ठेवली आहे.

पुणं का नाही? पगार बरा होता, चार-पाच तासांत सांगलीला पोचलो असतो. मी महिनाभर वहीत दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडत होतो, बाबा, तुम्ही जमाखर्च मांडायचात तसे. सगळी बेरीज पुण्याकडे जात होती. माझा पाय मात्र जिथे अडला ती जागा तुम्हाला विचित्र वाटेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे, तिथे.

इथे गल्लोगल्ली ही चोवीस तास उघडी दुकानं असतात. सेव्हन-इलेव्हन हे त्यांचं नाव, इथले लोक नुसतं 'सेवेन' म्हणतात. 1989 साली पहिलं दुकान पॅटपाँग रस्त्यावर निघालं, आज देशात 15,000 च्या आसपास आहेत. दूध, साबण, पॅरासिटामॉल, सिमकार्ड, विजेचं बिल, सगळं एकाच काउंटरवर. दार उघडलं की टिंगटाँग वाजतं आणि आतून कुणीतरी हातातलं काम न सोडता "सावादी का" म्हणतं. पैसे देताना विचारतात, आणखी सालापाव देऊ का? सालापाव म्हणजे वाफवलेला गोळा पाव, आत सारण. आई, गोड सारणाचाही मिळतो, तुला आवडेल.

मी किराणावाल्याचा मुलगा आहे. कुठल्याही दुकानात शिरलो की माझं लक्ष मालाकडे जायच्या आधी गल्ल्यावरच्या माणसाकडे जातं. इथली पोरं-पोरी वीस-बावीसची. बरीचशी इसान भागातून आलेली, म्हणजे ईशान्येकडच्या भातशेतीच्या मुलखातून. खोलीत तिघं-चौघं राहतात, घरी पैसे पाठवतात. आपल्या गावांतून गिरणीत गेलेल्या माणसांसारखंच. काही जण शिकता शिकता काम करतात. बँकॉकमध्ये किमान मजुरी गेल्या महिन्यापासून दिवसाला 400 बाट झाली. त्यात दिवसभर उभं राहायचं, माल लावायचा, फरशी पुसायची आणि दर गिऱ्हाइकाला हसून बोलायचं.

माझ्यासारखी परदेशातून येऊन इथे राहिलेली बरीच मंडळी मला भेटतात. (तुम्हाला हे वाचायला अवघड जाईल, पण 'माझ्यासारखी' हा शब्द मी खोडणार नाही.) ती या दुकानातल्या पोरांबद्दल फार बोलतात. एक जण मला म्हणाला, काउंटरवरचा तो मुलगा रोज माझ्याकडे बघून हसतो, त्याच्या मनात काहीतरी आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, हसणं हे त्याचं काम आहे, तो तुझ्या मागच्या आजीबाईंनाही तसाच हसतो, आणि त्याला तिथून उठून जाता येत नाही हे विसरू नकोस. मला खरंच राग आला होता. दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत हसून "या, काय देऊ?" म्हणायचात, बाबा. मग घरी आल्यावर आई मिठाच्या कोमट पाण्याची परात ठेवायची आणि त्यात बुडवलेले तुमचे सुजलेले पाय मी दाबायचो. गल्ल्यावरच्या हसण्याला काय पडतं ते मला ठाऊक आहे.

दुसरे एक आजोबा आहेत, स्कॉटलंडचे, सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या देशात 1980 पर्यंत आमच्यासारखं असणं हा गुन्हा होता, म्हणजे त्यांची पंचविशी लपण्यातच गेली. ते इथे एकटे राहतात. दुकानातली पोरं त्यांना 'लुंग' म्हणतात, लुंग म्हणजे थोरले काका. मध्ये दोन दिवस ते दूध घ्यायला आले नाहीत तर रात्रपाळीच्या पोरीने त्यांच्या इमारतीच्या रखवालदाराला वर बघून यायला सांगितलं. ताप होता. आजोबा ही गोष्ट प्रत्येकाला सांगतात आणि दर वेळी सांगताना थांबतात. ते म्हणतात, इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून कपाळाला आठी न घालणारा पहिला अनोळखी माणूस मला अशा दुकानात भेटला.

तीच रात्रपाळीची पोरगी. ती मुलगा म्हणून जन्मली. केस लांब, ओठांना हलकी लाली, आवाज भरदार. थायमध्ये बोलणारा आपण कोण ते वाक्याच्या शेवटी सांगतो, बाईने 'का' म्हणायचं, पुरुषाने 'क्राप'. आपण 'आले', 'आलो' म्हणतो तसं. ती त्या भरदार आवाजात 'का' म्हणते आणि रांगेतलं कुणी मान वर करत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सुटे पैसे हातात धरून तसाच उभा राहिलो होतो. तिचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. ओळखपत्रावर अजून पुरुषाचीच उपाधी आहे, ती बदलायचा कायदा इथे झालेला नाही. नोकरीच्या अर्जासोबत ते ओळखपत्र जोडावं लागतं, आणि पुढे काय होतं ते तिने मला न सांगताही कळतं. पण गल्ल्यावर ती 'का' म्हणते.

आम्ही दोघं रोज रात्री तिथे जातो, दूध आणि सकाळची केळी घ्यायला. एकदा तो त्याच्या आईकडे गेला होता, मी एकटाच गेलो. तिने केळी स्कॅन करता करता विचारलं, "फॅन पाय नाय?" फॅन म्हणजे जोडीदार. नवरा, बायको, मित्र, मैत्रीण, सगळ्यांना तोच शब्द. पाय नाय म्हणजे कुठे गेला. तुमचा जोडीदार कुठे आहे आज? एवढंच. उत्तराची फार वाटही बघितली नाही तिने, मागे रांग होती.

आई, मी बाहेर येऊन फुटपाथवर बसलो. मला रडू येत होतं आणि का ते कळत नव्हतं. आता कळतं. आठ वर्षं झाली आम्हाला. तू दर फोनला "तुझा तो रूममेट बरा आहे ना?" विचारतेस. तू विचारतेस हेच माझ्यासाठी पुष्कळ आहे, मनापासून सांगतो. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू गणपतीला नारळ बोलली होतीस, हे मला मावशीने सांगितलं. पण पुण्यात राहिलो असतो तर आयुष्यभर तो रूममेटच राहिला असता. आपल्याकडे 2018 ला गुन्ह्याचं कलम गेलं, 2023 ला लग्नाचा प्रश्न कोर्टाने संसदेवर सोडला. इथे या वर्षीच्या 23 जानेवारीपासून कायद्याने लग्न नोंदवता येतं. आमचे कागद जमले की आम्हीही नोंदवणार. ते जमायला वेळ लागेल, तेव्हा लगेच काही धसका घेऊ नका.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही म्हणाल, अशा गोष्टी त्या देशात चालतात. पण मी हे पहिल्यांदा बघितलं ते आपल्या दुकानात. मंगळवार-शुक्रवारी डोक्यावर यल्लम्मा देवीचा जग घेऊन ते देवीला वाहिलेले जोगते यायचे, हिरवं लुगडं, हातभर चुडा, हातांवर काळी लव. पलीकडच्या पानपट्टीवरची माणसं शिट्ट्या मारायची. तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाचं तागडं तसंच ठेवून "या अक्का, काय देऊ?" म्हणायचात. परडीत तांदूळ घालायचात, आणि त्या दिवशी काही विकत न्यायचं असलं तर इतरांना बांधता तशीच नीट पुडी, तोच भाव. मी पोत्यावर बसून गृहपाठ करत असायचो. मी सात-आठ वर्षांचा होतो आणि मला माझं काहीच माहीत नव्हतं, तरी ती 'अक्का' मला लख्ख आठवते. इथल्या त्या पोरीचं 'का' ऐकलं तेव्हा मला हळदीचा आणि गुळाचा वास आला, बाबा. तुम्ही मला वाढवलंत त्याच्या विरुद्ध मी काही केलेलं नाही, एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं.

तुम्हाला दुखवायचं नाही. भाऊबंदांत कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. काहीच सांगितलं नाहीत तरी चालेल, वास्तुशांतीच्या वेळी झालं तसं परत व्हायला नको.

माझी काळजी करू नका. तूरडाळ, पोहे, कणिक सगळं फाहुरातच्या भारतीय बाजारात मिळतं. गोडा मसाला तुझाच लागतो, दिवाळीला आलो की नेईन. फ्लॅट सातव्या मजल्यावर, पाणी चोवीस तास. ह्वाय ख्वांग चौकात गणपतीचं मोठं देऊळ आहे, थाई लोक रांग लावून हार घालतात. घरात तुझा दिलेला तांब्याचा गणपती पूर्वेला ठेवला आहे. आणि बाबा, तुमच्यासाठी न्हाणीघरात दांडा बसवून घेतला आहे. तुम्ही याल की नाही माहीत नाही, पण बसवला.

सांगलीच्या न्हाणीघरातही दांडा बसवायचाय, हे मी तिसऱ्यांदा सांगतो आहे. या आठवड्यात सुताराला बोलवाच. साखरेची तपासणी उपाशीपोटी करायची, चहा-भडंग झाल्यावर नाही. आई, तुझी कॅल्शियमची गोळी बाबांच्या डब्यात घालू नकोस, वेगळी डबी घे. डोळ्याच्या डॉक्टरांची तारीख आता पुढे ढकलायची नाही. दिवाळीला आम्ही दोघं येतोय, तिकिटं काढली आहेत. हॉटेलात उतरू, तुमच्यावर काही दडपण नको. दुपारी जेवायला बोलावलंत तर येऊ, नाही बोलावलंत तर मी एकटा येईन.

आज इथे मातृदिन. दुकानाच्या दारात मोगऱ्याचे हार विकायला होते, तुझ्या गजऱ्यासारखेच, फक्त गोल गुंफलेले. ती पोरगी आज रात्रीही कामावर होती, दुकान बंद नसतं म्हणून तिला गावी जाता आलं नाही. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा फोन कानाला लावून तिच्या आईशी बोलत होती. मी एक हार तुझ्यासाठी घेतला, गणपतीला घातला आहे.

रविवारी फोन करतो, तुमच्याकडे आठ, इथे साडेनऊ. या वेळी थोडा वेळ फोन त्याच्याकडेही देईन. फार काही बोलायचं नाही, आई. त्याचं लाडाचं नाव दोनच अक्षरांचं आहे, तुला येतं. नाव घे आणि "जेवलास का?" एवढं विचार. इथेही माणसं एकमेकांना हेच विचारतात, "किन खाव रू यांग?" उत्तर त्याला मी शिकवलं आहे. गेले चार दिवस तो भांडी घासताना घोकतो आहे, "हो आई, जेवलो."

तुमचा,
बाळ्या