बरोबरीत सुटलेला डाव

भुसावळ,
मंगळवार, रात्र

चि. स्वाती,
अनेक आशीर्वाद.

आपला बुद्धिबळाचा डाव अखेर बरोबरीत सुटला. ३४ चाली, पाच महिने. हत्ती मागे-पुढे करत तीच स्थिती तिसऱ्यांदा आली आणि मी वहीत ‘बरोबरी’ लिहिलं. त्याचं काही नाही. पण तुझी चाल मोबाईलवर किती वाजता आली, तेही मी चालीशेजारी टिपत होतो. रात्रीचे २.५०. ३.१५. परवा ३.४०. माय, तू झोपतेस कधी?

असो. यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

हा बरोबरीकडे झुकणारा पेट्रॉफ बचाव कधीपासून खेळायला लागलीस? दहाव्या वर्षापासून तुझा तो आक्रमक सिसिलियन बचाव. माझ्या राजावर धावून येणारी पोर तू, आणि सातव्या चालीलाच वजिराला वजीर मारून मोकळी! वजीर ई२ या घरावर मीच आणला, मान्य. पण माझा उंट जी५ वर आल्यावर तुला दुसरा घोडा डी७ वर काढता आला असता. या वाटेत कमीपणा काहीच नाही. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या सामन्यात क्रॅमनिकनेही बर्लिन बचावात आठव्या चालीला वजीर उतरवले आणि १५ डावांत जगज्जेत्या कास्पारोव्हला एकही जिंकू दिला नाही. पण तो ठरवून खेळला. तू दमून तर खेळली नाहीस ना? ऑफिसात काही झालंय का?

पुन्हा शिकवत बसलो, राग मानू नकोस.

हा पेट्रॉफ पहिल्यांदा शिकवला तेव्हा तू घाईने ई४ चं प्यादं मारलंस. मी वजीर ई२ वर आणला, तू घोडा मागे घेतलास, माझा घोडा सी६ वर गेला. मागून वजिराचा शह, आणि तुझा वजीर गेला. भरीत-भाकरी ताटात तशीच टाकून ओट्यावर जाऊन बसलीस. सकाळी चूळ भरायच्या आधी म्हणालीस, “आप्पा, आधी प्यादं डी६!” तेव्हा नऊ वर्षांची होतीस. मी दिवसभर यार्डात सगळ्यांना सांगत होतो.

धुळ्याच्या काकांशी मी १५ पैशांच्या कार्डावर खेळायचो. ५२५४ लिहिलं की ई२ वरून ई४. आजीला वाटायचं, पोरगा आकडा लावतो. उत्तराला आठवडा लागायचा. तेवढे दिवस दोघंही रात्री निवांत झोपायचो.

तुझ्या आईला वही दाखवलेली नाही.

कळण्याचं पीठ आणि भरताची वांगी बंड्याबरोबर पाठवतोय. पुढच्या डावात पांढरी तुझी. पहिली चाल दिवसा पाठव.

तुझे
आप्पा