मागणी काय?

सांगली,
कोजागिरी, 6 ऑक्टोबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा नुसतं "हो, हो" म्हणतात आणि आई मधेच दूधवाल्याचं काढते, म्हणून लिहितेय. काम तुमच्या नातीचं, चिऊचं आहे आणि ते तुम्हा दोघांकडूनच व्हायला हवं.

तिच्या परीक्षांचा तुमचा गोंधळ झालाय. खरं तर माझाही झाला होता. 7 डिसेंबरला आहे ती क्लॅट, आपल्याकडच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. त्यात चार पर्यायांतून एक निवडायचा आणि चुकलं की पाव गुण जातो. तिची तयारी ती करतेय, त्यात आपण पडायचं नाही. मी लिहितेय ते एलनॅटबद्दल. ही इंग्लंडमधल्या काही विद्यापीठांची, कायद्याच्या प्रवेशासाठीची परीक्षा. बाबासाहेब शिकले त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सलाही कायद्यासाठी हीच लागते. (बाबा, आता तुम्ही सांगणार की 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव आपल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलात घातलं. चिऊला पाठ आहे ते.) परीक्षा वर्षातून एकदाच देता येते. पहिल्या भागात 12 उतारे, त्यांवर 42 प्रश्न आणि 95 मिनिटं. दुसऱ्या भागात तीन विषय देतात, त्यातला एक घेऊन 40 मिनिटांत निबंध कॉम्प्युटरवर टाइप करायचा, साधारण पाचशे-सहाशे शब्दांचा. कायद्याचं एक कलमसुद्धा विचारत नाहीत. गंमत म्हणजे या निबंधाला गुणच नसतात. तो जसाच्या तसा विद्यापीठाकडं जातो आणि तिथली माणसं तो वाचतात.

आईनं विचारलं होतं, "म्हणजे पोरगी लंडनला चालली का?" आई, ते अजून कशात काही नाही. पैशाचं गणित बसलं तर बघू. नाही तर क्लॅट आहे, आपली राज्याची सीईटी आहे, साताऱ्यातही लॉ कॉलेज आहेच. पण परीक्षा द्यायची तर धड द्यावी.

निबंधासाठी इथं एक क्लास लावला होता. पैसे भरून झाल्यावर त्यांनी चाळीस तयार निबंधांची फाईल दिली आणि पाठ करा म्हणाले. चिऊनं तीन पाठ केले. मग घरी तिला विषय दिला, मतदान सक्तीचं करावं का? तिनं इंग्रजीत जे लिहिलं त्याचं पहिलं वाक्य मराठीत सांगते: "लोकशाही हा मानवाने निर्माण केलेला सर्वांत सुंदर वृक्ष असून मतदान हे त्याचे पाणी आहे." असंच पानभर. शेवटी सक्ती करावी असंही होतं, जबरदस्ती नको असंही होतं आणि जनजागृती हवी असंही होतं. वाचून झाल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मागणी काय?"

बाबा, ते तुमचं वाक्य आहे.

कोर्टाच्या भिंतीला लागून तुमचं टेबल, त्यावर काळं टंकयंत्र, कार्बन उडू नये म्हणून ठेवलेला दगड. शाळा सुटल्यावर मी तिथं बसायचे. कोयनेचे एक धरणग्रस्त आजोबा आले होते, आठवतात? डोक्याला पटका, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. ते पार त्यांच्या आज्यापासून सुरू झाले. तुम्ही चहा मागवलात, सगळं ऐकलंत, यंत्रात कागद घातला नाहीत. अर्ध्या-पाऊण तासानं एवढंच विचारलंत, "मामा, मागणी काय?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "जमीन दिलीया ती दुसरा कसतोय. ती मोकळी करून द्या." तेव्हा कुठं तुम्ही कागद घातलात. आधी मागणी ठरली, मग तिच्यामागं कारणं आली, एक, दोन, तीन. मग तुम्ही म्हणालात, "आता तो दुसरा काय म्हणंल ते सांगा." त्याचंही उत्तर आधीच लिहून टाकलंत. सगळा अर्ज दीड पानाचा. त्यात 'बिचारा' नव्हतं, 'अत्यंत' नव्हतं. आजोबांना वाचून दाखवलात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कळेना, यात रडण्यासारखं काय आहे.

एलनॅटचा निबंध म्हणजे हेच आहे हो. पहिल्या दोन-तीन ओळींत बाजू सांगायची, मग कारणं, मग समोरच्याचं सगळ्यात दणकट म्हणणं घेऊन त्याला उत्तर. त्याचं लेचंपेचं म्हणणं घेऊन ते पाडण्यात काही नाही, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी आठवी ते दहावी 'खाजगी नोकरी' लिहीत होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

तर मतदानाचं पुढं ऐका. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, वृक्ष राहू दे, कुणाला दंड बसेल ते सांग. ती विचार करत बसली. मग म्हणाली, गेल्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान झालं तेव्हा ऊसतोडीवाल्यांच्या टोळ्या गावं सोडून निघाल्या होत्या. नाव बीडच्या यादीत आणि माणूस इकडं उसाच्या फडात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच त्यांची मोजणी. मतदानाला जायचं तर जाऊन येऊन दोन दिवसांची तोड बुडणार. सक्ती केली तर पहिला दंड यांना बसेल. मग तिची बाजू ठरली: सक्ती नको, कारण मत न देणारा प्रत्येक जण आळशी नसतो आणि दंडाला ते ओळखता येत नाही. हा मुद्दा त्या चाळीस निबंधांत कुठंच नव्हता.

मी ऑस्ट्रेलिया झाले. म्हटलं, तिथं 1924 पासून सक्ती आहे, दंड फक्त वीस डॉलर आणि मतदान नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं. शिवाय सबळ कारण दिलं तर दंड माफ. झालं की तुझ्या कोयत्याचं काम! ती अडकली. रात्री जेवताना म्हणाली, "पण सबळ कारणाचा अर्ज कोण लिहून देणार? ज्याला लिहिता येतं तो सुटेल, ज्याला येत नाही तो भरेल." बाबा, ही तुमचीच नात आहे.

पण मी रोज ऑस्ट्रेलिया होऊ शकत नाही. मार्चएंडचं ऑडिट अजून ऑफिसात रेंगाळतंय आणि मी लवकर चिडते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिला तुमच्याकडं पाठवतेय. रोज सकाळी तिनं एक विषय घ्यायचा आणि आधी मराठीत तोंडी बाजू मांडायची. बाबा, तुम्ही प्रतिवादी. ती जी बाजू घेईल त्याच्या उलटी घ्यायची, ती पटत असली तरी. नात आहे म्हणून हरायचं नाही. मग ती खोलीत बसून 40 मिनिटांत इंग्रजीत टाइप करेल. इंग्रजी तुम्ही तपासू नका, ते मी बघते. तुम्ही फक्त विचारायचं, मागणी कितव्या ओळीत आली?

एक विनंती आहे. रामशास्त्र्यांना पहिल्या वाक्यात आणू देऊ नका. माहुली आपल्या दारात आहे आणि तुमचा जीव त्यांच्यावर आहे हे मला माहीत आहे. पण नुसते शोभेला आले तर ते सुविचाराच्या फळ्यावरचे होतात. ज्याच्या दरबारात चाकरी त्यालाच गुन्हेगार ठरवणारा निवाडा देता येतो का, असा विषय निघाला तर खुशाल आणा. तिथं ते पुरावा म्हणून उभे राहतात.

आई, तुझं काम बाबांपेक्षा अवघड आहे. तू आमचं काहीही ऐकून घेतल्यावर "बरं, मग?" म्हणतेस ना, तेच म्हणायचं. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा, कारण पुढं सांगायला काही नसायचं. चिऊच्या प्रत्येक परिच्छेदानंतर एकदा म्हण. आणि ती 40 मिनिटं खोलीत जायचं नाही. चकली नाही, दूध नाही, "पंखा लावू का" नाही. गजराचं घड्याळ लाव, कुकरच्या शिट्ट्यांवर वेळ मोजू नकोस.

शनिवारी, 18 तारखेला, दुपारच्या एसटीनं येईल. बाबा, स्टँडवर स्कूटर घेऊन जाऊ नका, तिच्याकडं लॅपटॉपची बॅग आहे आणि तुमचा गुडघा आहे. रिक्षा करा. भडंग पाठवतेय, आईचं कमी तिखटाचं वेगळं बांधलंय, त्या पुडीला लाल दोरा आहे. येताना तिच्याबरोबर कंदी पेढे द्या, मागच्या वेळचे ऑफिसात पोचलेच नाहीत.

तुमची,
लेक

ता. क. माळ्यावरचं टंकयंत्र खाली काढून ठेवाल का? शेजारच्या मुलाला सांगा, स्वतः चढू नका. रिबन वाळली असेल, पण तिला बघायचंय.