पिवळ्या खोडांचं रान

अरुशा, टांझानिया
१६ फेब्रुवारी

प्रिय मंद्या,

“प्राणी टीव्हीवरही दिसतात, झाडं नीट बघून ये,” असं बजावलं होतंस ना? म्हणून आधी झाडंच.

न्गोरोंगोरो विवराच्या काठावर पहाटे एवढं धुकं होतं की पुढच्या गाडीचे दिवेही दिसेनात. फांद्याफांद्यांवरून राखाडी-हिरव्या दाढ्या लोंबत होत्या. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची ही चुलत भावंडं! मग सहाशे मीटर खाली उतरलो आणि तळात लख्ख ऊन. आपण लोणारच्या काठावर उभे होतो, आठवतं? ते पावणेदोन किलोमीटर रुंद, हे एकोणीस. लोणार उल्केने खणलं, इथे ज्वालामुखीचा माथाच आत ढासळला. खारं तळं मात्र दोन्हीकडे. इथल्या मगाडी तळ्यात रोहित पक्षी चोच उलटी बुडवून शेवाळ गाळत होते.

लेराईच्या रानात मात्र तुझी फार आठवण आली. बाभळीच्याच गोतातली झाडं, पण खोडं हळद माखल्यासारखी पिवळी. उतरायची परवानगी होती तिथे एका खोडावर बोट फिरवलं, तर पिवळी भुकटी बोटाला! गोऱ्यांनी यांना ‘तापाचं झाड’ म्हटलं. झाड दलदलीजवळ वाढतं, तिथेच डास. हिवताप आला की बोल झाडाला. बरीच झाडं वठलेली दिसली. जमिनीतले क्षार वाढले आणि हत्तीही साली सोलतात, असं वाटाड्या म्हणाला. हत्ती म्हणजे बहुतेक म्हातारे नर, सुळे जमिनीला टेकतील इतके लांब.

जिराफ एकही नाही हं. उतार त्याच्या तंगड्यांना झेपत नाही आणि तळात पाला कमी, असं सांगतात. सिंह दिसले, झोपलेले. त्यावर काय लिहू? गेंडा मात्र दुर्बिणीतून वीस मिनिटं पाहिला. नाव काळा, रंग मळकट राखाडी, शिंगं दोन. पाला ओढायला वरचा ओठ पोपटाच्या चोचीसारखा टोकदार असतो म्हणे, पण तो बेटा मान वर करेल तर शपथ!

दुपारी न्गोइटोकिटोकच्या पाणथळीशी डबा उघडला. समोर पाणघोडे फुरफुरत होते. वाटाड्या सांगतच होता, “गाडीत बसून खा.” मी शहाणा बाहेर उभा. मागून घार आली, पंख कानाला घासला आणि हातातली पोळीभाजी गायब. हिने हसून हसून फोटोही काढला नाही.

तिथून काडीही उचलायची नसते, म्हणून बी आणलेलं नाही. बोट पुसलेला रुमाल तेवढा धुतलेला नाही. पुढच्या रविवारी येतो, चहा टाक.

तुझा,
बाळ्या