उठवलेल्या थव्याची छायाचित्रे छापू नयेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भिगवण परिसरातील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे एक छायाचित्र मोठ्या आकारात प्रसिद्ध झाले आणि वाचकांनीही हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची छायाचित्रे पाठवावीत, असे आवाहन त्याखाली होते. आवाहनाचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु त्या छायाचित्राविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. त्यात अनेक रोहित पाण्यावरून धावत उड्डाण घेताना दिसतात, जवळपास सर्वांच्या पाठी कॅमेऱ्याकडे आहेत, माना ताणलेल्या आहेत आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात होडीने पाणी कापल्याची लाट स्पष्ट उमटली आहे. भिगवणजवळच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यावर, हिवाळ्यात नेमाने जाणाऱ्याला असे चित्र कसे मिळते, हे वेगळे सांगावे लागत नाही. तो थवा आपणहून उडालेला नाही, त्याला उठवलेले आहे.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव या गावांच्या परिसरात त्याचे पाणी पसरले. शेतीसाठी पाणी सोडले जाते तसतसा हा फुगवटा ओसरतो, काठाला उथळ पाणी व मऊ चिखल उघडा पडतो आणि नेमके तेच पक्ष्यांना हवे असते. तलवार बदके, थापटे, चक्रवाक, कुरव आणि पट्टकादंब (रानहंस) थंडीत येतात. रोहित बहुधा थोडे उशिरा येतात आणि पाण्याची पातळी अनुकूल असेल, तर उन्हाळ्यातही रेंगाळतात. रोहित खातो कसा, हे एकदा दुर्बिणीतून शांतपणे पाहावे. तो मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो, जाड जिभेने पाणी आत ओढून बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांवरील चाळणीत अडकलेले शेवाळ व बारीक जीव गिळतो. एवढ्या मोठ्या देहाचे पोट अशा कणाकणाच्या अन्नावर भरायचे, म्हणजे दिवसाचे कित्येक तास त्याला याच कामात घालवावे लागतात. त्यात पुन:पुन्हा खंड पडणे त्याला परवडत नाही.

प्रत्यक्षात काय घडते, तेही सांगतो. गेल्या जानेवारीतील एका सकाळी काठावर बसून मी हे पाहिले आहे. सूर्य नुकताच वर आला होता, धुके पाण्यावरून पुरते हटले नव्हते आणि थवा काठापासून बऱ्याच अंतरावर माना बुडवून चरत होता. मोठ्या लेन्सा घेतलेल्या छायाचित्रकारांची एक होडी आली. नावाड्याने प्रथम योग्य अंतरावर इंजिन बंद केले होते. मात्र थोड्याच वेळात होडीतून ‘दादा, जरा उडवा ना’ अशी विनंती झाली, इंजिन पुन्हा सुरू झाले आणि होडी सरळ थव्याच्या रोखाने गेली. पक्ष्यांनी माना उंचावल्या, सगळे एका दिशेला भराभर चालू लागले, मग धावू लागले आणि क्षणात काळ्या कडांचे लालभडक पंख उघडून हवेत गेले. कॅमेऱ्यांचा कडकडाट थांबल्यावर होडी परतली. थवा पलीकडच्या चिखलावर उतरला आणि तो पुन्हा चरायला लागेपर्यंत दुसरी होडी निघालेली होती. जेवत्या पानावरून कोणाला उठवू नये, असे आपण लहानपणापासून ऐकतो. येथे एकाच थव्याला एका सकाळी अनेकदा उठवले जाते.

याचा भुर्दंड पक्ष्यांच्या शरीराला पडतो. जमिनीवरून किंवा पाण्यावरून हवेत झेपावणे हा उड्डाणातील सर्वाधिक शक्ती खाणारा भाग असतो आणि मोठ्या, जड पक्ष्यांच्या बाबतीत तर तो अधिकच महाग असतो. पट्टकादंबांचे उदाहरण घ्यावे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा पक्षी मंगोलिया व तिबेटच्या पठारावर वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद झाली आहे. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्याला फेब्रुवारी-मार्चपर्यंत येथेच साठवायची असते. आपण मात्र त्याच काळात एका चित्रासाठी ती खर्च करायला लावतो.

येथे कोणी म्हणेल, की उडत्या पक्ष्याचे चित्र मग काढायचेच नाही का? अवश्य काढावे, आणि थवा न उठवता काढलेले चित्र अधिक चांगले येते, असे माझे ठाम मत आहे. घाबरून उठलेला पक्षी स्वाभाविकपणे धोक्यापासून दूर जातो. त्यामुळे आपल्याला त्याची पाठ आणि शेपटी तेवढी मिळते. उलट, उतरायला येणारा पक्षी समोरून येतो, पंख पूर्ण पसरतो, पाय खाली सोडतो आणि त्याचा डोळा दिसतो. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात, हे एक सूत्र लक्षात ठेवले तर निम्मे काम होते. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडे पाहत बसावे आणि वाराही पूर्वेकडून वाहत असेल, तर उतरणारा प्रत्येक थवा उजेडात न्हालेला आपल्या दिशेने येतो. वारा उलटा असेल तर जागा बदलावी किंवा त्या दिवशी पाण्याचे व धुक्याचे चित्र काढावे. पट्टकादंब रात्री व पहाटे शेतांत आणि काठच्या गवतात चरून सकाळी पाण्यावर परततात. त्यांच्या येण्याच्या वाटेवर अंधारातच जाऊन बसले, तर रांगा डोक्यावरून जातात आणि त्यासाठी कोणाला हुसकावण्याची गरज पडत नाही. रोहित स्वतःहून जागा बदलण्यापूर्वी माना वर करतात, एकाच दिशेने चालू लागतात आणि त्यांचा कलकलाट वाढतो, ही पूर्वसूचना ओळखता आली, की कॅमेरा आधीच तयार ठेवता येतो. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणथळीवर घिरट्या घालू लागला, तर बदकांचे थवे आपोआप उठतात. तो निसर्गाचा व्यवहार आहे आणि तो पाहण्यासाठी लागते ती केवळ चिकाटी.

पहाटेच्या उजेडाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. पंख स्थिर गोठवायचे, तर १/२००० सेकंदाच्या आसपास शटर हवे आणि सूर्योदयापूर्वी तेवढा प्रकाश नसतो. अशा वेळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) भरमसाट वाढवून दाणेदार चित्र घेण्यापेक्षा शटर १/३० पर्यंत खाली आणावे आणि पक्ष्याच्या वेगाने कॅमेरा फिरवावा. डोके बऱ्यापैकी स्पष्ट राहते, पंख धूसर होतात आणि उड्डाणाची गती चित्रात उतरते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लेन्स सतत लांबचीच लावायला हवी असे नाही. पाण्यात उभी वठलेली झाडे, जाळी ओढणारे भोई बांधव, पलीकडचा ऊस आणि या सगळ्यावरून जाणारी पक्ष्यांची बारीक रेघ, अशा चित्रात पक्षी लहान दिसतो हे खरे. पण तो कोठे आला आहे आणि का आला आहे, हे तेच चित्र सांगते. ज्या वर्षी पाणी फार ओसरते, त्या वर्षी पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे जुने मंदिर वर येते. त्याच्या भोवतीच्या पाण्यात पक्षी टिपता आले, तर धरण, विस्थापन आणि पक्षी यांची गोष्ट एकाच चौकटीत सामावते. केवळ पंख आणि निळे आकाश असलेले चित्र जगात कोठेही काढता येते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले. तेथे चापडगावच्या काठावरून आणि निरीक्षण मनोऱ्यांवरून पक्षी पाहतात, आणि तेथील उड्डाणाची चित्रे कोणत्याही अर्थाने उणी नसतात. अभयारण्यात वन्यप्राण्यांना त्रास देण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार मनाई आहे. उजनीच्या फुगवट्याला अभयारण्याचा दर्जा नाही. त्यामुळे येथे सारे काही येणाऱ्यांच्या समजुतीवर आणि नावाड्यांच्या धीरावर सोडलेले आहे. नावाड्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील तरुणांनी पक्ष्यांची नावे, सवयी, जागा शिकून घेतल्या, घरी पाहुण्यांच्या जेवणाची सोय केली आणि या पाण्यातून नवा रोजगार उभा केला. थवा उडवण्याचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक असतो आणि नकार दिला तर पुढच्या वेळी तो दुसऱ्या होडीत बसेल, ही भीती नावाड्याला असते. म्हणून सर्व नावाड्यांनी एकत्र बसून थव्यापासूनचे किमान अंतर ठरवावे, त्या अंतरावर इंजिन बंद करून बांबूनेच होडी ढकलावी आणि हा नियम घाटावर फलक लावून जाहीर करावा, म्हणजे एकट्यादुकट्याला नकार देण्याचे ओझे राहणार नाही. वन विभाग व ग्रामपंचायतींनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे.

छायाचित्रकारांचा आग्रह मात्र स्पर्धा, प्रदर्शने आणि वृत्तपत्रे यांमुळे वाढतो. उठवलेल्या थव्याच्या चित्राला जोवर पान मिळते, तोवर होड्या थव्यांवर जात राहतील. यास्तव माझी आपणास विनंती आहे, की वाचकांकडून चित्रे मागवताना ते चित्र काठावरून काढले की होडीतून, आणि पक्षी आपणहून उडाले होते का, एवढे दोन प्रश्न आवाहनात समाविष्ट करावेत. उत्तर न देणाऱ्यांची चित्रे बाजूला ठेवावीत आणि प्रसिद्ध होणाऱ्या चित्राखाली ती माहिती छापावी. या हंगामातील पुढच्या पुरवणीपासूनच ही पद्धत सुरू करता येईल.

आपला नम्र,
एक वाचक, दौंड