बाई, तुम्ही वाळूजला आलात म्हणून

प्रिय बाई,

जय ख्रिस्त.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. मी देवापासून दूर गेलो होतो हे चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, पण परत कोणामुळे आलो ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

2013 च्या उन्हाळ्यात आमची मोसंबीची बाग वाळली. जालना जिल्ह्यात तेव्हा कितीतरी बागा गेल्या. दादांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायची धडपड केली, आणि मी रोज पहाटे गुडघ्यावर बसून पाऊस मागितला. शेवटी दादांनी स्वतःच्या हातानं झाडं तोडली. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद झाली. पुढं वाळूजच्या कंपनीत लागलो आणि रविवारचा ओव्हरटाइम मुद्दाम मागून घ्यायला लागलो. पहिले काही रविवार मन खायचं. मग खाईनासं झालं, आणि खरं दूर जाणं तिथून सुरू झालं असं मला आता वाटतं. बायबल पेटीत तळाशी होतं. जवळजवळ नऊ वर्षं.

जानेवारी 2022 मध्ये तुम्ही या वयात दोन गाड्या बदलून माझ्या खोलीवर आलात. फडक्यात धपाटे, डब्यात दही. आता उपदेश ऐकावा लागणार म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "दादांच्या बागेत किती झाडं होती रे?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. खोलीबाहेरच्या शेकोटीपाशी मी एकेका ओळीतली झाडं सांगत गेलो आणि रडलो. तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत.

मग तुम्ही बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 35 वा अध्याय काढलात. बेथेल हे नाव मी लहानपणापासून ऐकत आलोय, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं गाव म्हणून. याकोबाचं बेथेल मात्र तुम्ही त्या रात्री दाखवलंत. घरातून पळालेला माणूस धोंडा उशाला घेऊन तिथं झोपला, देवाला नवस बोलला, आणि मग वीस वर्षं मामाकडं, लाबानाकडं राबला. तिथून निघाला तरी वाटेत शखेम गावाजवळ रेंगाळलाच. तुम्ही म्हणालात, "बघ, देवानं त्याला वर्षांचा हिशोब मागितला नाही. ऊठ, बेथेलला जाऊन राहा, वेदी बांध, एवढंच म्हणाला."

मी म्हटलं, "बाई, मला अजून देवाचा राग येतो." तुम्ही म्हणालात, "मग तेच त्याला सांग. स्तोत्रं लिहिणाऱ्यांनी कमी तक्रारी केल्यात का?"

त्या रात्री जवळजवळ नऊ वर्षांनी पहिल्यांदा प्रार्थना केली. त्यात स्तुतीचा एक शब्द नव्हता, सगळं भांडण होतं. पण मी बोललो. एप्रिलमध्ये पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी तुमच्या शेजारच्या बाकावर बसलो. प्रभुभोजनाची भाकर हातात आली तेव्हा हात थरथरत होता, आणि तुम्ही नुसतं माझ्या कोपराला धरलंत. त्याबद्दल कसे आभार मानू, बाई? मला वाचवणारा प्रभूच, पण त्यानं पाठवलं तुम्हाला.

बाग का गेली याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. फरक इतकाच की आता तो प्रश्न मी त्यालाच विचारतो.

येत्या रविवारी संध्याकाळी कुटुंब प्रार्थना आमच्याकडं आहे. शास्त्रवाचन मी करणार आहे. धपाटे या वेळी आई करणार आहे, तुम्ही काही आणायचं नाही. न्यायला मी स्वतः येतो.

तुमचाच,
संडे स्कूलमधला शेवटच्या बाकावरचा मुलगा