नऊ वर्षांच्या पोरीला ‘भावी ऑलिंपियन’ लिहू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या सांगलीच्या पानावर जिम्नॅस्टिक्सच्या पोरींचा फोटो आला होता, गळ्यात मेडल घातलेल्या चौघीजणी, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘सांगलीच्या भावी ऑलिंपियन’. त्यातली उजवीकडून दुसरी माझी लेक. ती अकरा वर्षांची आहे आणि पुढं मांडी घालून बसलेली जी सगळ्यात छोटी दिसते ती फक्त नऊची. फोटोचा आनंद झालाच, खोटं कशाला बोलू, मी पण कात्रण काढून ठेवलंय, तिच्या आजीनं पेपरच्या पाच प्रती आणल्या, दिवसभर फोन चालू होते आणि सगळ्यांचं एकच, ऑलिंपिक कधी, ऑलिंपिक कधी. रात्री अंथरुणावर पडल्यावर लेक म्हणाली, "आई, आणि नाही झालं तर? ते पेपरवाले परत येतील का विचारायला?" तिला काहीतरी सांगून झोपवली पण मला काही झोप लागली नाही, म्हणून हे पत्र लिहितेय.

तुमच्यावर राग नाही हो. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाचा फोटो छापलात हेच मोठं. आणि तिनं स्वप्न बघू नये असं पण मला म्हणायचं नाही, तिला खरंच पुढं खेळायचंय, नॅशनलला जायचंय, देशाकडून खेळायचंय, ते ती स्वतः सांगते आणि मी तिच्या पाठीशी आहे. पण हा खेळ किती लांब पल्ल्याचा आहे हे आपल्याकडं कुणी बोलतच नाही, आणि चार वर्षं हॉलच्या दारात बसून मला ते हळूहळू कळलंय.

दीपा कर्माकर सहाव्या वर्षी अगरतळ्यात शिकायला लागली. २०१६ ला ती रिओला गेली, ऑलिंपिकला गेलेली भारताची पहिली महिला जिम्नॅस्ट, व्हॉल्टच्या, म्हणजे पळत येऊन टेबलावरून उडी मारायच्या प्रकारात, फायनलला १५.०६६ पॉइंट घेऊन चौथी आली आणि ब्राँझ फक्त ०.१५ नं हुकलं, तेव्हा ती २३ वर्षांची होती. म्हणजे मधे सतरा वर्षं गेली. तिचे तळपाय सपाट होते, फ्लॅट फूट म्हणतात ते, उडी मारणाऱ्याला ते अडचणीचंच, त्यावर तिचे कोच नंदी सर यांनी तिच्याकडून वर्षानुवर्षं मेहनत करून घेतली. मग २०१७ ला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यातून परत उभी राहिली, आणि एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड तिला मिळालं ते २०२४ मध्ये ताश्कंदला, वयाच्या तिसाव्या वर्षी. उझबेकिस्तानची चुसोविटिना तर टोकियो ऑलिंपिकला ४६ व्या वर्षी व्हॉल्टवर उतरली होती. आणि मुलींना सीनिअर म्हणून इंटरनॅशनल खेळायचं तर त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावी लागतात, १९९७ पासून तसा नियमच आहे. माझ्या लेकीला अजून पाच वर्षं आहेत, त्या छोटीला सात. मग आत्ता घाई नेमकी कुणाला झालीय? पोरींना तर नाही.

आपल्या जिल्ह्याला हे खरं तर शिकवावं लागू नये. कवठेपिरानच्या पैलवान मारुती मानेंची ही माती. माझे आजोबा सांगायचे, पोरगं तालमीत घातलं की घरात एक म्हैस त्याच्या नावानं असायची, दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि वस्ताद सांगेल तोवर त्याला फडात उतरवायचं नाही. हिंदकेसरी कधी होणार म्हणून पहिल्या वर्षी कुणी विचारत नव्हतं. पैलवान घडायला दहा-बारा वर्षं लागतात हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत होतं. जिम्नॅस्टिक्सला पण तेवढीच लागतात. फक्त हॉलमध्ये मॅट असते, आखाड्यात माती, एवढाच फरक आहे असं मला वाटतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती वाचून एका जरी आईनं ती टाळली तर बरं होईल. लेक नऊची असताना शाळेच्या जिल्हा स्पर्धा जवळ आल्या होत्या. कोच मॅडमनी घरी फक्त स्ट्रेचिंग करायला सांगितलं होतं, पण मी यूट्यूबवर बघून रोज संध्याकाळी गच्चीवर सतरंजी टाकून तिच्याकडून हँडस्टँड आणि कार्टव्हील करून घ्यायला लागले, क्लासचे दोन तास झाल्यावर आणखी पाऊण तास, आणि मला वाटायचं मी किती कष्ट घेतेय. तिचं मनगट दुखत होतं हे तिनं तीन आठवडे सांगितलं नाही. मला कळलं ते कशावरून तर पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला उघडेना, डाव्या हातानं उघडायला लागली तेव्हा. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि समजावून सांगितलं की वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ कुर्चेची एक पट्टी असते, हाड तिथून लांब होतं, आणि या खेळात सगळं शरीर हातावर तोलायचं असल्यामुळं मनगटाच्या त्या पट्टीवर फार ताण येतो, तेव्हा दुखतंय म्हटलं की थांबायचं, दाबून करायचं नाही. सहा आठवडे हातावर भार बंद. स्पर्धा गेली. मी घरी येऊन रडले, आणि लेकीला वाटलं मी स्पर्धा गेली म्हणून रडतेय, तिनं सॉरी म्हटलं मला. ते सॉरी मी विसरू शकत नाही.

त्या सहा आठवड्यांत मॅडमनी तिला घरी बसवलं नाही, रोज बोलावलं आणि पाय, पोट, स्प्लिट (दोन्ही पाय लांब पसरून जमिनीवर बसायचं), उड्या एवढंच करून घेतलं. परत आली तेव्हा तिचा स्प्लिट जमिनीला पूर्ण टेकत होता, जो वर्षभर टेकत नव्हता. गेलं काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ही गोष्ट पालकांना सगळ्यात कमी माहीत असते. गेल्या वर्षभरात लेक एकदम वाढली, दिवाळीला घेतलेली पँट मार्चमध्ये आखूड झाली. बीम, म्हणजे ज्या अरुंद आडव्या पट्टीवर चालत कसरती करतात तो, फक्त १० सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे हाताचा पंजा पसरला तर बाहेर जाईल एवढाच, आणि जमिनीपासून सव्वा मीटर वर. त्यावर तिचा बॅकवॉकओव्हर (मागं वाकून हात टेकवून पाय वरून फिरवायचे) पक्का बसला होता तो अचानक जमेना. रोज पडायची. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि ताकद मागून येते, शरीराचा तोल बदललेला असतो, त्यामुळं जुन्या मापानं टाकलेला पाय चुकीच्या जागी पडतो. पोरगी आळशी झालेली नसते, लक्ष उडालेलं नसतं, तिला तिचंच शरीर नवीन झालेलं असतं. पण नेमकं याच वयात बाहेरून काय ऐकू येतं, आधी किती छान करायची, आता काय झालं हिला. आमच्या बॅचमधल्या दोघी याच वर्षी सोडून गेल्या आणि मला फार वाईट वाटतं कारण दोघींना फक्त सहा-आठ महिने कुणीतरी धीर द्यायला हवा होता. मॅडमनी माझ्या लेकीला परत जमिनीवरच्या रेषेवर उतरवलं, मग बुटक्या बीमवर, आता कुठं परत वर चढलीय.

खाण्याचं पण सांगते. या खेळात पोरी बारीक पाहिजेत म्हणून पालकच जेवणावर हात आखडतात, मी डोळ्यानं बघितलंय, एका आईनं टूर्नामेंटला पोरीच्या डब्यातली एक पोळी काढून ठेवली. जेवढी मेहनत तेवढं अन्न पोटात गेलं नाही तर हाडं कच्ची राहतात, थोड्याशा ताणानं फ्रॅक्चर होतात, आणि मोठ्या मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते, ती काही चांगल्या ट्रेनिंगची खूण नाही, त्यासाठी डॉक्टरकडं जायला पाहिजे. भाकरी, उसळ, अंडं, दूध, शेंगदाण्याची चटणी, जे घरात आहे ते पोटभर द्या. आणि पाहुण्यांनी तिच्या वजनावर बोलायचं नाही असं मी घरात स्पष्ट सांगितलंय, जाऊबाईंना राग आला, चालेल.

कपड्यांवरून पण घरात बोलणी झाली. आजेसासूबाईंना लिओटार्ड, म्हणजे जिम्नॅस्टिक्सचा तो अंगाला घट्ट बसणारा ड्रेस, बघवेना. मी त्यांना एक दिवस हॉलवर नेलं, तासभर बसवलं, पोरगी बारवर लटकून पाय वर नेते तेव्हा सैल कपडा कसा अडकतो, पडायला कसं होतं ते त्यांनी बघितलं, आणि घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "पडंलच की ती, खाली गादी जाड टाका म्हणावं." त्यानंतर विषय नाही. पालकांनी सराव बघायला जावंच, आणि जिथं सराव बघू देत नाहीत तिथं पोर घालू नये. अमेरिकेसारख्या देशात जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टरच वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत होता, २०१८ ला त्याला शिक्षा झाली तेव्हा दीडशेच्या वर मुली आणि बायकांनी कोर्टात आपली कहाणी सांगितली. त्यांचे पालक काही वाईट नव्हते, त्यांना मोठं नाव बघून विश्वास बसला होता. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यात अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स पण होती. तीच टोकियोला हवेत पिळे घेताना दिशा कळेना म्हणून टीम फायनलमधून मधेच थांबली, लोक काय काय बोलले, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर घेऊन गेली. ती थांबली म्हणून पॅरिसला पोचली हे मी लेकीला सांगितलंय.

लोक विचारतात यातून मिळणार काय. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस मार्क आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये भत्ता आहे. हे चांगलंच आहे, पण अकरा वर्षांच्या पोरीनं सकाळी साडेपाचला उठून त्यासाठी जाऊ नये, गेली तर टिकणारही नाही. ती जाते कारण तिला उलटं व्हायला आवडतं. स्पर्धेला मी गॅलरीत गप्प बसते, आता बसते, आधी ओरडून सांगायचे, आणि गाडीत परत येताना पॉइंट किती पडले हा विषय ती काढेल तेव्हाच, नाहीतर मिरजेला थांबून डोसा खायचा आणि घरी यायचं.

तुमच्याकडं मागणं दोन आहेत. आमच्या पोरी जिथं शिकतात तिथं फोमचा पिट नाही, नवीन उडी पहिल्यांदा मारताना मऊ खड्ड्यात पडायची सोय पाहिजे, आत्ता मॅटवर मॅट रचून भागवतात आणि दोन मॅटच्या फटीत पाय जातो. लेडी कोच कायमची पाहिजे आणि आठवड्यातून एकदा तरी फिजिओ पाहिजे. आमच्या पाठीशी राहून यासाठी तुमच्या पानावर जागा द्या, मेडलच्या फोटोएवढी जरी दिली तरी चालेल. बर्मिंगहॅमला २०२२ ला आपल्या सांगलीचा संकेत सरगर वेटलिफ्टिंगमध्ये एका किलोनं गोल्डला मुकला, कोपराला दुखापत असताना तिसरी लिफ्ट मारायला गेला होता, तेव्हा सगळ्यांनी त्याच्या वडिलांच्या पानटपरीचे फोटो छापले. तशी घरं इथं अजून आहेत, पोरं जिंकायच्या आधी एकदा तिथं या.

आणि दुसरं, पुढच्या वेळी हॉलवर याल तेव्हा पोरींना ऑलिंपिकचं विचारू नका. या महिन्यात नवीन काय शिकलीस असं विचारा. त्या नऊ वर्षांच्या छोटीला परवाच मागची फ्लिक (मागं उडी घेऊन हातांवरून उलटायचं) एकटीनं यायला लागलीय, कुणी हात न लावता, आणि ते छापून आलं नाही म्हणून ती फार नाराज आहे.

आपली एक वाचक,
चौघींतल्या एकीची आई
विश्रामबाग, सांगली